दुसऱ्याचं घर आधी

आमच्या तालुक्याला समुद्र नाही. माझं माहेर बेल्ह्याचं. तिथून समुद्र बघायचा म्हटलं तर आधी अख्खा सह्याद्री ओलांडावा लागतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. तरीही सलग दोन वर्षं माझ्या हातचा एक आराखडा वर गेला, आणि त्यात लिहिलं होतं की, वादळाचा इशारा मिळताच मच्छीमार बांधवांनी होड्या किनाऱ्याला लावाव्यात आणि जाळी सुरक्षित ठिकाणी हलवावीत. कोकणातल्या कुठल्याशा तालुक्याचा आराखडा मी नमुना म्हणून मिळवला होता. त्यातल्या गावांची नावं मी एकेक करून बदलली, समुद्र तेवढा राहून गेला. तिसऱ्या वर्षी माझा मीच तो वाचला आणि कचेरीत एकटीच हसत बसले. मग हसू ओसरलं आणि लाज वाटली.

मी तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधल्या बदल्या-बढत्या सेवापुस्तकात आहेत, त्या तिथंच राहू देत. शेवटची काही वर्षं आपत्ती व्यवस्थापनाचा टेबल माझ्याकडे होता. लोकांना वाटतं, आपत्ती म्हणजे हेल्मेट, दोरखंड आणि टीव्हीवाले. माझ्याकडे होता एक फोन, पावसाचे आकडे लिहायची एक वही आणि हाताने फिरवायचा एक भोंगा.

बाहेरच्या माणसाला हे काम दोन वाक्यांत सांगते. पूर्वी आमचं काम आपत्ती येऊन गेल्यावर सुरू व्हायचं. घर पडलं की पंचनामा, बैल वाहून गेला की पंचनामा. तलाठी म्हणजे वरातीमागून घोडं. मग देशाचं धोरण बदललं. नंतर मदत वाटत फिरण्यापेक्षा आधी तयारी करा, आणि ती तयारी दिल्लीपासून वाडीपर्यंत प्रत्येक पायरीवर करा, असं ते सांगतं. हे धोरण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या थोड्या लोकांपैकी मी एक आहे. हे माझ्याच तोंडाने सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. धोरण चांगलं आहे. अडचण एवढीच, की ते छापील मराठीत वाडीवर पोचतं आणि वाडी वेगळ्या मराठीत बोलते.

लोक आपत्तीत काय करतील याचा नेम नसतो, हे मी आळेफाट्याला शिकले. तिथं हमरस्त्यावर एकदा गोडेतेलाचा टँकर उलटला. ड्रायव्हर सुखरूप होता, हॉटेलात चहा पीत बसला होता. रस्त्यावर मात्र तेलाचा ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना कळश्या, बादल्या, एकाकडे तर फवारणीची टाकी. मागून येणाऱ्या गाड्या घसरतील या भीतीने मी घसा कोरडा करून ओरडत होते. मातीचा डंपर अजून यायचा होता. एक बाई डबा भरता भरता शांतपणे म्हणाली, "तुमी माती आना की बाई. आमी तवर रस्ता पुसून देतो." तिचं अगदीच चुकत नव्हतं. माती येईपर्यंत त्यांनी निम्मा रस्ता खरंच कोरडा केला होता. मी अहवालात 'स्थानिक नागरिकांचे मोलाचे सहकार्य लाभले' असं लिहिलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते एका वाडीबद्दल. नाव बदलून सांगते, करवंदवाडी म्हणू. जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर, डोंगराच्या पोटाशी अठ्ठावीस घरं. खाली भातखाचरं, वर उतारावर नाचणी-वरई, बांधांवर हिरड्याची झाडं. एका उन्हाळ्यात या डोंगराला भेग दिसली, हाताचा पंजा आत जाईल एवढी. तज्ज्ञ येऊन बघून गेले आणि वाडी धोक्याच्या यादीत गेली. वाडी कायमची हलवायची तर जागा लागते, मंजुऱ्या लागतात, वर्षं लागतात. तोवर एकच उपाय होता. मोठ्या पावसाचा इशारा आला की सगळ्यांनी उतरून खालच्या गावातल्या शाळेत यायचं. हे घडवून आणणं माझ्याकडे आलं. अठ्ठावीस घरं वेळेत उतरली नाहीत तर काय होईल, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यांत वरचं, अगदी भेगेखालचं घर चिमाबाईचं. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आळेफाट्याला गॅरेजात. ही एकटीच राहायची आणि सगळ्या वाडीला धाकात ठेवायची. पहिल्याच भेटीत तिने मला गूळपाणी दिलं आणि सांगून टाकलं, "बाय, ह्यो डोंगूर माझ्या लग्नाच्या आधीपास्नं हितं हाय. त्यो कुठं गेला न्हाई, मी बी न्हाई जायाची."

तिच्या खालचं, वीस पावलांवरचं घर धोंडिबाचं. बायको, दोन बैल आणि तिरसट स्वभाव एवढा त्याचा संसार. दोघांच्या बांधावर एक हिरड्याचं झाड होतं. हिरडा वाळवून औषधवाल्यांना विकतात, डोंगरात पैशाचं तेवढंच एक झाड. ते कोणाचं, यावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मी सातबारा काढून बघितला. झाड बरोबर मधोमध होतं, म्हणजे सरकारही हरलं.

धोरणाप्रमाणे वाडीत पथकं हवीत. इशारा पथक, शोध व बचाव पथक, प्रथमोपचार पथक. मी सभा घेतली, नावं लिहिली, सह्या-अंगठे घेतले, धोंडिबाला बचाव पथकाचा प्रमुख केलं. महिन्याभराने सहज विचारलं, "धोंडिबा, तुम्ही कुठल्या पथकात?"

तो विचार करून म्हणाला, "भजनी मंडळात हाय की."

मग आली रंगीत तालीम. जिल्ह्याचे साहेब स्वतः बघायला येणार होते, म्हणून मी कोतवालाकरवी दोन दिवस आधी वाडीत निरोप धाडला. अमुक वारी भोंगा वाजेल, साहेब येतील, सर्वांनी घरी थांबावं. इथं माझी चूक झाली आणि ती मला भोंगा वाजेपर्यंत कळली नाही.

ठरल्या वेळी साहेबांनी घड्याळ लावलं, मी भोंगा फिरवला. एक कुत्रं बाहेर आलं. पुन्हा फिरवला. कुत्रं आत गेलं. शेवटी आम्ही चढून वाडीत शिरलो, तर प्रत्येक घरातून मसाल्याचा वास. पुरुष धुतलेल्या टोप्या घालून ओट्यावर बसलेले, बायका चुलीपुढे. साहेब येणार म्हणजे पाहुणे येणार, आणि पाहुणे येणार म्हणजे कोंबडी. चिमाबाईच्या दारात मी जवळजवळ रडकुंडीला आले. म्हटलं, "अहो, भोंगा ऐकला ना? पळायचं होतं."

"आयकला की," ती म्हणाली. "पन पावनं दारात आल्यात आन आमी पळून जायाचं व्हय? लोक काय म्हनतील? बसा. भाकरी टाकल्यात."

काहीजण बाहेर पडले होते, त्यांची तऱ्हा आणखी निराळी. एकजण घराचं नवं सागवानी दार बिजागरीतून काढत होता. एक बाई अंगणात उभी राहून तांब्याची घागर घ्यावी की शिलाई मशीन, हे ठरवत होती, आणि कडेवरचं पोर आळीपाळीने दोन्हींकडे बोट दाखवत होतं. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते. मग त्यांना पाट मांडला, आणि मग त्यांनी दोन वेळा रस्सा मागून घेतला. वाडी रिकामी व्हायला लागलेला वेळ मी नोंदवला. चार तास दहा मिनिटं, पानसुपारी धरून.

त्याच जेवणात चिमाबाईने मला वाढता वाढता सुनावलं, "तुमचंच चुकतंय, बाय. ज्याला त्याला सोताचं उचलाय सांगताय. सोताचं उचलाय लागलं की मानूस येडं व्हतं. ह्ये घेऊ का त्ये घेऊ. दुसऱ्याचं उचलाय काय लागतंय? पडकईला आमी काय करतो?"

पडकई म्हणजे काय, ते सांगते. डोंगरउतारावर भातखाचर तयार करणं एका घराचं काम नव्हे. दगड फोडायचे, उताराला दगडी बांधाच्या ताली घालायच्या, माती ओढायची. म्हणून उन्हाळ्यात घरटी माणूस जमतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं रान त्याने जेवण घालायचं. भांडण असलं तरी पडकईला नाही म्हणायचं नसतं. आणि माणूस दुसऱ्याच्या रानात जास्त घाम गाळतो, कारण चार जण बघत असतात.

हातातली भाकरी तशीच राहिली. सव्वीस वर्षं मी गावोगाव 'तुम्ही असं करा' सांगत हिंडले होते. तुम्ही काय करता, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

पंधरा दिवसांत आम्ही पथकांची यादी बाजूला ठेवली. शेजारच्या घरांच्या जोड्या लावल्या. नियम एकच, भोंगा वाजला की स्वतःच्या घराला हात लावायचा नाही, जोडीच्या घरात शिरायचं. म्हातारीकोतारी आणि पोरं आधी, मग जनावरं, मग कागदांची पिशवी, औषधं आणि पायलीभर धान्य. बाकी सगळं तिथंच. जनावरं माझ्या जुन्या आराखड्यात नव्हतीच. मच्छीमारांची जाळी होती, पण बैल नव्हते. आणि बैल वर ठेवून करवंदवाडीचा माणूस खाली उतरणार नाही, हे तिथलं पोरसुद्धा सांगेल. खालच्या गावाने शाळेजवळची पत्र्याची शेड जनावरांना दिली.

वरच्या दोन घरांची जोडी वाचून दाखवली तेव्हा सभेत सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. चिमाबाई आणि धोंडिबा.

चिमाबाई मला म्हणाली, "त्याला सांगा, ये म्हनावं. पडकईला मी कुनाला आडवत न्हाई. पन बोलायचं न्हाई."

तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेला धोंडिबाही मलाच म्हणाला, "म्हातारीला सांगा, धाकला बैल मारका हाय. आधी थोरला सोडायचा, धाकला आपसूक मागनं येतो."

मी दोघांचे निरोप हातभर अंतरावर पोचवले. नोकरीत याहून सोपं टपाल मी कधी वाटलं नाही.

दुसरी तालीम न सांगता घेतली. भोंगा वाजला आणि सगळी वाडी आडवीतिडवी धावू लागली, प्रत्येकजण भलत्याच घरात. धोंडिबाने चिमाबाईची पिशवी खांद्याला लावली, चिमाबाईने त्याचे बैल सोडले, आणि दोघं एक शब्द न बोलता पायवाटेने उतरली, पुढे बैल, मग ती, मग तो. दारवाल्याच्या दाराकडे कोणी बघितलं नाही, कारण त्याचं घर ज्याच्या वाट्याला होतं, त्याला त्या दाराचं काही कौतुक नव्हतं. चाळीस मिनिटं लागली. मी शाळेच्या पटांगणात चक्क फुगडी घातली, आणि माझं वजन बघता समोरच्या बाईचं मोठं धाडस. फक्त चिमाबाई जाताना बजावून गेली, "ही खोटी व्हती म्हनून आले, बाय. खरी येईल तवा बघू." त्या वाक्याने पुढचे कितीतरी महिने माझी झोप उडवली. तिला उचलून आणायचं बळ कोणातच नव्हतं, आणि ती थांबली की तिला सोडून धोंडिबा उतरेल, याचीही खात्री नव्हती.

खरी आली ती पुढच्या आखाडात. तीन दिवस पाऊस कोसळत होता. वाडीचा फोन पहाटेपासून लागेना. वाडी हलवायचा लेखी आदेश तहसीलदारांच्या सहीने निघाला तेव्हा साडेदहा वाजले होते. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी जीपने निघाले. वाटेत फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी वाहत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आता न्हाई जमायचं राव. गाडीसकट खाली धरणात जाऊ."

अकराच्या सुमाराला वरून आवाज आला. खडीचा ट्रक ओतावा तसा, पण थांबेनाच. मग पाऊस पुन्हा ऐकू यायला लागला. ड्रायव्हर माझ्याकडे बघेना. मी देवाचं नाव घेतलं नाही, अठ्ठावीस घरांची नावं घेत बसले, वरून खाली आणि खालून वर. आदेश माझ्या मांडीवर होता. तीन वाजता पाणी उतरलं.

शाळेजवळ पोचले तर आधी बैलांचा वास आला. शेडमध्ये जनावरं, वर्गात पोरं, डालग्याखाली कोंबड्या, आणि व्हरांड्यात तीन दगडांच्या चुलीवर भाताचं पातेलं. हेडमास्तरांच्या खुर्चीत चिमाबाई बसली होती. मी धावत जाऊन नावं वाचली. घरटी सगळी माणसं होती. मी त्या ओल्या पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. आनंदाने रडणं काय असतं, हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

मग तिनेच सांगितलं. सकाळी पाण्याला गेली तर झऱ्याचं पाणी लाल. परत येऊन दार ओढलं तर चौकट तिरकी होऊन ते अडकलेलं. "म्हटलं, डोंगराचं पोट बिघडलं. आता तुमच्या भोंग्याची काय वाट बघू?" ती तशीच धोंडिबाच्या गोठ्यात शिरली, थोरला बैल सोडला आणि हाक मारली, "धोंडिबा, ऊठ, बैलं न्हेते." अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. धोंडिबा उठला आणि तिच्या घरात गेला. त्याच्या बायकोने खालच्या घरांना हाका घातल्या. आठला वाडी निघाली आणि पाऊण तासात शाळेत होती. अकराला डोंगर आला आणि वरची सहा घरं आढ्यापर्यंत पुरली. पहिलं घर चिमाबाईचं.

"घर गेलं," ती म्हणाली. "मालकानं सोता दगड घडवलं व्हतं." मग शेडकडे बघून म्हणाली, "पन बैलं आली."

मी तिचा हात धरून बसले होते, तेवढ्यात तिचा सूर एकदम चढला. "आन ह्या भाद्दरानं काय आनलं इचारा. पातळ आनलं न्हाई. हिरड्याचं पोतं आनलं पाठीवर."

धोंडिबा चुलीत फाटी सारत होता. मान वर न करता म्हणाला, "पातळ तुजं एकलीचं. हिरडा दोघांचा हाय."

व्हरांड्यातल्या बायका एवढ्या हसल्या, की भात उतू गेला तो कोणाला दिसला नाही. चिमाबाईने हसू दाबायला तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

आठ दिवसांनी अहवाल भरायला बसले. छापील नमुन्यात एक रकाना होता: स्थलांतराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, पदनाम व वेळ. आमच्या आदेशावर वेळ साडेदहाची, आणि माणसं आठला निघालेली. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "साडेदहाचे साडेसात करा मॅडम, कोण बघतंय?" कोण बघतंय हे मला चांगलं माहीत होतं. समुद्रही कोणी बघितला नव्हता. पण या वेळी हात धजला नाही. मी नावापुढे चिमाबाईचं पूर्ण नाव लिहिलं, वेळ पावणेआठ, आणि अहवाल पाठवून दिला.

दोन दिवसांनी रस्सा मागून घेणाऱ्या त्याच साहेबांचा फोन आला. त्यांनी अहवाल शब्दन् शब्द वाचला होता. म्हणाले, "मॅडम, नाव कळलं, वेळ कळली. मी काही खोडत नाही. पण पदनाम कोरं आहे. रकाना कोरा ठेवून चालत नाही. या बाई कोण, ते लिहा."

मी कार्यालयीन प्रत पुढे ओढली, पेन उघडलं आणि लिहिलं: धोंडिबाची शेजारीण.